तारीख घालून लिहा



ज्या शाळेच्या कचेरीत प्रती काढणाऱ्या सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरविणाऱ्या शिपाईमामांचे शाईने माखलेले हात मी खिडकीच्या गजांतून न्याहाळीत उभी राहत असे, त्या शाळेने आज मला प्रमुख पाहुणी म्हणून पाचारण करावे, याचा आनंद अवर्णनीय आहे. मार्गदर्शन करण्याचे मी कबूल केले होते खरे. परंतु माझे शिक्षक समोर दिसताच मन त्या कचेरीकडेच ओढ घेते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळींचा इतिहास मी शिकविते. १ डिसेंबर १९५५ रोजी मंटगमरी शहरात बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिकेने कॉलेजात जाऊन, एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या साहाय्याने, आपल्या कचेरीतल्यासारख्याच यंत्रावर, एकेका कागदावर तीन-तीन मजकूर बसवून, हजारो पत्रके काढली, आणि ५ डिसेंबरच्या बसवरील बहिष्काराची हाक घरोघर पोहोचविली, हे फार थोड्यांच्या कानी आलेले असते. तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. रॉबिन्सनबाईंच्या आठवणी मात्र १९८७ साली ग्रंथरूपाने आल्या. हे सारे एका अटकेमुळे अकस्मात उद्भवले असे कोणी म्हणू लागला, तर मी महापौरांना त्यांनी लिहिलेले पत्र पुढे करते: त्यात बहिष्काराचा इशारा आहे, आणि तारीख आहे २१ मे १९५४.

त्या तारखेसाठीच, मुलांनो, माझा हा हट्ट आहे. आजी सांगेल ते लिहून ठेवा, आणि खाली तारीख घाला, गाव घाला, तिचे संपूर्ण नाव घाला. कोणाची तरी आई, कोणाची तरी पत्नी, एवढ्यावर भागवू नका. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, म्हणूनच ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आपल्या हाती आला.

पहिल्या रांगेत बसलेल्या महिला मंडळाच्या आजींनी या इमारतीसाठी दारोदार वर्गणी मागितली होती. ती पावतीपुस्तके कोणाच्या तरी माळ्यावर असतीलच. मुख्याध्यापकबाईंनी ती शाळेच्या दप्तरी दाखल करून घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. आणि नववीच्या मुलींनो, समारंभ आटोपताच वह्या घेऊन त्यांच्याजवळ बसा. कडेच्या खुर्चीवरील आजींना ऐकू कमी येते; त्यांना जरा मोठ्याने विचारा.