चियान्ती ते झरी-जामणी, मार्गे अकलूज

यवतमाळच्या एका वसंत व्याख्यानमालेत फळ्यावर विषय होता ‘इटलीचे प्रादेशिक पदार्थ आणि वाइन’. वक्ते मात्र मनात मोह घेऊन आले होते. सुरुवातीला कुणाला ते कळले नाही. पिझ्झा-पास्ता ‘तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय’ म्हणून एका वाक्यात संपला. रोमन साम्राज्याला अर्धेच मिळाले.

मग शिवा आखायला सुरुवात झाली. पार्मिजानो रेज्जानो हे चीज पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतुआच्या काही भागांतच बनते. साधारण चाळीस किलोच्या एका चाकाला ५०० लिटरहून जास्त दूध लागते आणि निदान बारा महिने मुरल्याशिवाय त्यावर शिक्का बसत नाही. चियान्ती वाइनची हद्द तर तोस्कानाच्या तिसऱ्या कोझिमोने १७१६ सालीच फर्मान काढून ठरवली. शीव आधी, चव मागाहून, हा वक्त्यांचा लाडका सिद्धान्त.

उत्तर इटलीतली पोलेंता म्हणजे मक्याची भरड शिजवून केलेला घाटा. एके काळी व्हेनेतोचे गरीब शेतमजूर जवळजवळ तेवढ्यावरच जगत आणि त्यांना पेलाग्रा होई. आज तोच पदार्थ महागड्या हॉटेलांत मिळतो.

‘मग आमच्या ज्वारीच्या कण्या कधी महागणार?’ मागून आवाज आला. सभागृह हसले, वक्तेही हसले आणि थेट अकलूजला पोहोचले.

तिथे ते रमले. सोलापूर जिल्ह्यातली फ्रातेल्ली वाइनरी भावांच्या तीन जोड्यांनी उभारली: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी चियान्तीची मुख्य द्राक्षजात सांजोव्हेसे या माळावर रुजवली. इटलीत वेलीची मुख्य छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते; आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. तिकडची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, इकडची उन्हाळा तापण्याआधी. छाटणीचे हे प्रकरण इतके लांबले की दोन आजोबा चहाला जाऊन परत आले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ उठले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि व्यासपीठावरून वाइनचे कौतुक चालले आहे, हे शोभते का? वक्त्यांचा सूर बदलला. ‘मी पिण्याचं नाही, पिकवण्याचं बोलतोय,’ ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. उत्तर पुरते पटण्यासारखे नव्हते. त्याच वेळी अध्यक्षांची चिठ्ठी आली: पाच मिनिटे.

मूळ व्याख्यान मग त्या पाच मिनिटांत झाले. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागात कोलाम आणि गोंड कुटुंबे मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचतात. ती वाळवून भाकरीत घालतात, लाडू करतात, दारूही गाळतात. इंग्रजांनी १८९२ साली ‘म्हौरा कायदा’ करून ठाणे-कुलाब्यात या फुलांवर निर्बंध घातले. महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले ते २०२१ मध्ये. गोव्याच्या काजू फेणीला मात्र २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. भिवापूरच्या मिरचीला आणि वायगावच्या हळदीलाही ते आहे. मग आपल्या मोहाची शीव कोण आखणार, असे विचारून वक्ते पाण्याच्या पेल्याकडे वळले.

आभारप्रदर्शन सुरू झाल्यावरही त्यांनी माइक सोडला नाही. श्रोत्यांना एवढे सांगूनच ते बसले: मानांकनाचा अर्ज एकट्याला करता येत नाही. त्यासाठी उत्पादकांची संघटना किंवा त्यांचे हित पाहणारी संस्था लागते, आणि मिळालेली नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करावी लागते.