सही करण्यापूर्वी

(कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी मंडळाने नोव्हेनाला गप्पांचा कार्यक्रम ठेवला होता. त्यातलं हे भाषण, शक्यतो बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी कॉम्प्युटर इंजिनियर माणूस, दिवसभर क्लायंटशी बोलून घसा बसलेला, मी कसलं भाषण करणार?" तर म्हणाले, "अ‍ॅडमिशन कशी मिळवायची ते सांगणारे पुष्कळ आहेत. तू इथेच शिकलास ना? मग मिळाल्यावर काय होतं ते सांग."

तर मिळाल्यावर असं होतं की आपण पेढे वाटतो, आणि त्याच आठवड्यात कागदांचा एक गठ्ठा येतो. वर्तणुकीचे नियम, फीचे नियम, तब्येतीचे नियम. आपण शेवटचं पान उघडतो आणि जिथे फुली मारलेली असेल तिथे सही करतो. मीही २००६ साली तेच केलं. ते न वाचलेले कागद मला पुढे तीनदा भेटले. त्या तीन भेटी सांगतो.

पहिली भेट कॉपीची. माझे मित्र तेव्हा नाशिक-पुण्याला इंजिनियरिंग करत होते. तिकडे ड्रॉइंगच्या शीटची 'जीटी' मारायची, म्हणजे काचेखाली बल्ब लावून मित्राची शीट जशीच्या तशी ट्रेस करायची. ही जवळजवळ परंपराच! त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे. मी त्याच हवेत वाढलेला. इथे पहिल्याच वर्षी रूममेटचा प्रोग्रॅम घेतला, व्हेरिएबलची नावं बदलली आणि दिला. प्रोग्रॅम ताडून पाहणारी 'मॉस'सारखी सॉफ्टवेअर १९९४ पासून आहेत आणि त्यांना नावं बदलून फसवता येत नाही, हे भावी कॉम्प्युटर इंजिनियरला ठाऊक नव्हतं! दोघांनाही शून्य मिळालं. मला घेतल्याबद्दल, त्याला दिल्याबद्दल. देणाराही दोषी हे नियमात स्पष्ट लिहिलं होतं, पण 'मित्राला मदत' म्हणजे पुण्यकर्म अशी आमची समजूत.

आता तर एआय आलं आहे. २०२५ साली नानयांग विद्यापीठात तीन विद्यार्थ्यांना एआयच्या वापरावरून शून्य मिळाल्याची केवढी चर्चा झाली! प्रकरण अपिलापर्यंत गेलं. मुलांना दोन गोष्टी सांगा. प्रत्येक विषयाला काय चालतं ते आधी विचारायचं, आणि आपले कच्चे मसुदे जपून ठेवायचे. अपिलाची वेळ आलीच तर तेच कामाला येतात.

वर्तणुकीचे नियम म्हणजे फक्त अभ्यास नव्हे. २०१८ साली एनयूएसमध्ये एका विद्यार्थिनीचं आंघोळ करताना चोरून चित्रीकरण झालं. शिक्षा फार सौम्य झाली असं तिने जाहीरपणे सांगितलं, आणि त्यानंतर विद्यापीठाने समिती नेमून शिक्षा कडक केल्या. मुलग्यांच्या आईबाबांनो, हा विषय घरी काढायला लाजू नका. तीच गोष्ट व्हेपची. २०१८ पासून इथे ते जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, २०२५ च्या सप्टेंबरपासून शिक्षा आणखी वाढल्या, आणि परदेशी विद्यार्थ्याचा पासच रद्द होऊ शकतो. "मित्राचं होतं" हे उत्तर चालत नाही.

दुसरी भेट तापाची. २००९ चं वर्ष, एच१एन१ची साथ. परीक्षेच्या आदल्या रात्री मला ताप भरला. कळवलं तर परीक्षा बुडेल, वर्ष जाईल, या भीतीने आईने दिलेली क्रोसिन घेतली आणि जाऊन बसलो. नशिबाने साधा ताप निघाला. पण नियम काय होता? डॉक्टरकडे जा, एमसी आणा, कळवा. आजाराचं नीट कळवलं तर वर्ष जात नाही.

आपण बसलोय तिथून चालत काही मिनिटांवर टॅन टॉक सेंग हॉस्पिटल आहे. २००३ साली सार्सचे रोगी तिथेच ठेवत. सिंगापुरात २३८ जणांना तो आजार झाला, ३३ गेले. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मुलांना थर्मामीटर वाटले, रोज वर्गात ताप मोजायचा. इथले तापाचे नियम कडक का, त्याचं उत्तर त्या इमारतीत आहे.

आणि ताप मोजता तरी येतो. मन बिघडतं त्याला थर्मामीटर नाही. विद्यापीठांत समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाणं म्हणजे 'रेकॉर्ड खराब होणं' नव्हे. समॅरिटन्सचा १७६७ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आत्महत्येचा प्रयत्न हा २०२० पासून इथे गुन्हा राहिलेला नाही, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी गप्प बसू नये. मुलगा फोनवर "सगळं ठीक" म्हणाला तर पुढचा प्रश्न जेवलास का एवढाच नको, झोपलास का हाही विचारा.

आता तिसरी भेट, पैशाची. ही मला सगळ्यांत महाग पडली.

इथल्या सरकारची ट्यूशन ग्रँट तुम्हाला माहीत आहेच. परदेशी विद्यार्थ्याला फीत मोठी सवलत, त्याबदल्यात शिक्षण संपल्यावर तीन वर्षं सिंगापुरातल्या कंपनीत नोकरी. डॉक्टरकीला त्याहून जास्त, सहा वर्षं. आणि या करारावर मुलाबरोबर दोन जामीनदारांच्या सह्या. माझे बाबा नाशिकला एसटीत होते. एक सही मामाने केली, दुसरी बाबांच्या डेपोतल्या मित्राने. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

२०१० ला पास झालो, नोकरी लागली. वर्षभरात अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला. वाटलं, बॉन्डचं बघू नंतर. त्या रात्री तो करार पहिल्यांदा उघडून वाचला. पाच वर्षांनी! बॉन्ड मोडला तर घेतलेली सवलत व्याजासकट परत, आणि मी दिली नाही तर जामीनदारांकडून.

जामीन राहणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. पतसंस्थेच्या कर्जाला मित्राखातर जामीन राहून घर गमावलेला माणूस प्रत्येकाच्या गावात असतो. मी अण्णांना फोन लावला आणि विचारलं, "अण्णा, तुम्ही सही केली तेव्हा कागद वाचला होता का?" ते म्हणाले, "नाही रे. तुझ्या बाबांकडे बघून केली."

मी अमेरिकेला गेलो नाही.

पण कहाणीचं शेपूट ऐका. पुढच्या शिक्षणासाठी बॉन्ड पुढे ढकलावा असा अर्ज करता येतो, हे मला पुढे एका मित्राकडून कळलं. मिळाला असता की नाही, कोण जाणे. पण मी विचारलंच नाही, कारण विचारायची सोय आहे हेच मला माहीत नव्हतं. न वाचण्याची किंमत दोन्हीकडून बसते. काय देणं लागतो ते कळत नाही, आणि आपल्याला काय मागता येतं तेही कळत नाही.

२०१३ ला तीन वर्षं पुरी झाली. अण्णांना फोन केला, "सुटलात!" तर हसून म्हणाले, "बरं झालं. आता तुझ्या काकूला सांगतो." सात वर्षं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

मंडळी, नियम जाचक असतील, नसतील, तो वाद चहाच्या वेळी करू. पण या दिवाळीत, फराळाचं ताट मधे ठेवून, तो गठ्ठा मुलाबरोबर बसून एकदा वाचा. मुलाला मोठ्याने वाचू द्या. कळलं नाही तिथे पेन्सिलने खूण करा आणि विद्यापीठाला लिहून विचारा. जामीनदाराला चहाला बोलवा आणि त्यालाही वाचून दाखवा. त्याच्या बायकोसमोर!

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.