ताळेबंदातील दोन टक्के आणि महीचे पाणी

गेल्या काही वर्षांत कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत एक नवे प्रकरण दिसू लागले आहे. ताळेबंद आणि नफातोट्याचे पत्रक या जुन्या मंडळींच्या शेजारी ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हा मथळा येऊन बसला आहे. त्याखाली शाळेतील नवी बाके, गावातील पाण्याची टाकी, शिवणयंत्रापुढे बसलेल्या स्त्रिया आणि हातात झारी घेऊन रोपाला पाणी घालणारे संचालक अशी गुळगुळीत कागदावरची चित्रे असतात. ही चित्रे खोटी असतात असे मला म्हणावयाचे नाही. बाके खरी असतात आणि टाकीत पाणीही असते. परंतु त्याच कारखान्याच्या मागल्या भिंतीपलीकडे काय वाहत जाते, याचा उल्लेख अहवालात शोधावा लागतो. उत्तरदायित्वाचा खरा प्रश्न त्या भिंतीपाशी सुरू होतो, असे माझे मत आहे. आज त्याचा विचार बडोद्याच्या उदाहरणावरून करावा असा मानस आहे.

बडोद्याची निवड करण्यास कारण आहे. कारखानदारी आणि लोकहित यांची सोयरीक या शहरात फार जुनी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन निघाले. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास गज्जर. रसायनशास्त्र पुस्तकांत कोंडून न राहता रंगारी आणि विणकर यांच्या हातांत उतरावे, असा त्यांचा ध्यास होता. भाईलालभाई अमीन आणि प्रा. कोटिभास्कर यांच्यासह याच गज्जरांचे नाव १९०७ साली निघालेल्या अलेंबिक केमिकल वर्क्सशी जोडलेले आहे. पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा सुरू झाली. त्याच्या थोडे आधी, १९०६ साली, संस्थानभर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता, आणि आजव्याच्या तलावाचे पाणी तर १८९२ पासून शहराला मिळू लागले होते. शाळा, पाणी, पेढी आणि कारखाना हा सर्व एकाच प्रपंचाचा भाग आहे, अशी त्या राज्यकर्त्याची समजूत होती. तिला ‘उत्तरदायित्व’ असे भारदस्त नाव देण्याची त्या काळी कोणास गरज वाटली नाही.

महाराष्ट्रातही हेच दिसते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील एका उजाड माळावर वसाहत वसविली, ती काही केवळ दानधर्माच्या भावनेने नव्हे. माळावर घरे नसतील तर कामगार येणार नाहीत आणि कामगार आले नाहीत तर नांगर तयार होणार नाहीत, हा साधा हिशेब त्यामागे होता. धंद्याची गरज आणि माणसांची सोय एकाच रेषेवर आली की तिचे आयुष्य वाढते. भावनेच्या भरात दिलेली देणगी पुढच्या मंदीत बंद पडते. धंद्याला ज्याची गरज आहे ते मात्र मंदीतही चालू ठेवावे लागते. आजकाल व्यवस्थापनशास्त्राचे पंडित ‘शाश्वतता हेच व्यवसायाचे धोरण’ असे सांगतात, तेव्हा मला त्या माळाची आठवण होते.

स्वातंत्र्योत्तर काळात बडोद्याचे रूप पालटले. साराभाई केमिकल्स १९४३ मध्येच आली होती. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचे उत्पादन १९६७ मध्ये निघू लागले आणि १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्सचा जन्म झाला. पुढे नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे लहानमोठे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. मध्यंतरी, १९६६ साली, उद्योगपती, विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्या सहकार्यातून बडोदा सिटिझन्स कौन्सिल ही संस्था निघून गरीब वस्त्यांत काम करू लागली. नंदेसरीच्या परिसरात एका उद्योगसमूहाने १९८२ साली माता-बालकांच्या आरोग्याचे काम हाती घेतले. त्या वेळी यांपैकी कशाचीही कायद्याने सक्ती नव्हती, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

सक्ती आली ती २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे, असा हा दंडक आहे. आरंभी खर्च न केल्यास कारण सांगितले की भागत असे. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरावीक निधीत किंवा वेगळ्या खात्यात भरावी लागते. असा कायदा जगात विरळा, आणि त्याचे श्रेय आपल्या संसदेला दिलेच पाहिजे.

परंतु या कायद्याच्या नियमांत एक छोटे वाक्य आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कंपनी आपल्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात जे करते ते या दोन टक्क्यांत धरले जाणार नाही, असे ते सांगते. म्हणजे कारखान्याने स्वतःचे सांडपाणी स्वच्छ केले तर ते समाजकार्य नव्हे. ते त्याचे कर्तव्यच. नियम अगदी रास्त आहे. मात्र त्याचा एक विपरीत परिणाम असा झाला की, समाजकार्याचे एक खाते झाले आणि सांडपाण्याचे दुसरे. पहिल्या खात्याला समिती आहे, संचालकांची सही आहे, छायाचित्रकार आहे. दुसऱ्या खात्याला रात्रपाळीचा एक कामगार आणि एक पंप. समजा, एका कंपनीचा सरासरी नफा पन्नास कोटी आहे. तिचे दोन टक्के म्हणजे एक कोटी. हा एक कोटी कोठे गेला हे सर्व जगाला कळते. उरलेले एकोणपन्नास कोटी कसे मिळाले, हे विचारणारा कोणी नसतो. समाजाचा संबंध खरोखर त्या एकोणपन्नास कोटींशी अधिक आहे.

आता महीकडे वळू. बडोदे शहराला आजव्याबरोबरच महीचे पाणी मिळते. फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा येथे नदीच्या पात्रात ज्यांना फ्रेंच विहिरी म्हणतात त्या आहेत. वाळूत खोल उतरविलेला काँक्रीटचा कूप, आणि तळाशी चोहोंकडे पसरलेल्या आडव्या सच्छिद्र नळ्या. नदीचे पाणी वाळूतून गाळून विहिरीत येते. महीच्या पात्रातले पाणी कारखान्यांनाही पुरविले जाते. थोडक्यात, नागरिक आणि कारखाने यांचा माठ एकच आहे.

प्यावयाचे पाणी जेथून घ्यावयाचे त्याच नदीत घाण सोडता येत नाही, हे ध्यानात येण्यास वेळ लागला. मिनी नावाची महीची एक छोटी उपनदी कारखान्यांच्या वाटेत येते आणि सांडपाण्याचा पहिला भार तिने सोसला. अखेर बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी थेट समुद्राच्या दिशेने नेणारा एक स्वतंत्र कालवा बांधण्यात आला. १९८३ पासून तो वाहतो आहे. सुमारे ५५ किलोमीटरची ही वाट पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून जाते आणि सारोद गावापाशी महीच्या मुखाशी संपते. अनेक कारखान्यांनी मिळून एकच वाट वापरावी, तिचा खर्च वाटून घ्यावा आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा घाण पाणी कोणीही आत सोडू नये, अशी ही व्यवस्था. लहान कारखान्याला एकट्याने हे झेपले नसते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही कामगिरी मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण सामाईक वाटेची एक जित्याची खोड असते. दहा घरांच्या सामाईक मोरीत घाण कोणी टाकली हे सांगता येत नाही, तशीच येथेही गत. एका कारखान्याने शुद्धीकरणाची यंत्रे दिवसभर चालविली आणि शेजाऱ्याने विजेचे बिल वाचविण्यासाठी ती रात्री बंद ठेवली, तर कालव्याच्या टोकाला दोघांचे पाणी एकच दिसणार. जो नियम पाळतो त्याचा माल महाग पडतो, जो मोडतो त्याचा स्वस्त. अशा बाजारात सज्जनपणाची परीक्षा दररोज असते आणि तिचे गुण कोणी देत नाही. कालव्याच्या काठावर पाण्याची चणचण आहे. तेव्हा काही शेतकऱ्यांनी हेच पाणी शेताला लावले, यात आश्चर्य ते काय? जमिनीत आणि विहिरींत त्याचे काय होते, हा वाद या भागात वर्षानुवर्षे चालू आहे.

रासायनिक मालाचा स्वस्तपणा किती फसवा असतो याचे एक उदाहरण न्यायालयाच्या निकालपत्रात कायमचे नोंदले गेले आहे. ते बडोद्याचे नव्हे, राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावचे. पण माल त्याच जातीचा, ज्यासाठी गुजरातचा हा पट्टा ओळखला जातो. तेथे रंगांसाठी लागणारे ‘एच ॲसिड’ नावाचे रसायन तयार करून परदेशी पाठविले जाई. सुमारे ३७५ टन मालामागे २,४४० टन गाळ उरला. म्हणजे एक टन माल बोटीवर चढला आणि साडेसहा टन विष गावात राहिले! विहिरींचे पाणी काळपट तपकिरी झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्याने घाण केली त्यानेच तिचे मोल द्यावे, हे तत्त्व या प्रकरणात लागू केले. कारखाना कधीच बंद पडला होता. भरपाईच्या वसुलीचा तंटा मात्र २०११ पर्यंत न्यायालयात होता. त्या ३७५ टनांवर मिळालेल्या नफ्याचे दोन टक्के काढून गावात शाळा बांधली असती, तर तिच्या आवारातील विहिरीचे पाणी मुलांना पिता आले नसते.

टक्क्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती नंदेसरीचीच आहे. तेथील कारखान्यांनी उलाढालीच्या एक टक्का रक्कम पर्यावरणासाठी भरावी, असा आदेश गुजरातच्या उच्च न्यायालयाने दिला होता. २००४ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. भरपाईचा संबंध उद्योगाच्या आकाराशी असावा हे खरे, परंतु प्रत्यक्ष हानी किती झाली तेही पाहिले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने ते परत पाठविले. कारखानदारांना तेव्हा हा निकाल दिलासा वाटला असेल. मला मात्र त्यात एक गंभीर सूचना दिसते. टक्का हे सोयीचे माप आहे. हानी टक्क्यांनी होत नाही. लहान उलाढालीचा कारखाना मोठी नदी नासवू शकतो, आणि मोठ्या उलाढालीचा कारखाना मनात आणले तर थेंबही बाहेर न सोडता चालू शकतो. दोन टक्क्यांच्या कायद्याला मुळात किमान नफ्याची अट असल्याने नंदेसरीतले कित्येक लहान कारखाने त्याच्या कक्षेतच येत नाहीत. त्यांच्या बाबतीत उत्तरदायित्व म्हणजे सांडपाण्याची मोरी आणि सामुदायिक शुद्धीकरण केंद्र, एवढेच.

पुढे २२ फेब्रुवारी २०१७ रोजी, गुजरातेतील पर्यावरण सुरक्षा समितीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने याहून कडक आज्ञा दिली. देशातील प्रत्येक कारखान्याने आपले शुद्धीकरण यंत्र चालू स्थितीत आहे हे तीन महिन्यांत दाखवावे, अन्यथा त्याची वीज तोडावी. येथे धंद्याच्या माणसाने कान टवकारले पाहिजेत. वीज तुटलेला कारखाना व्याज देतच राहतो, पगार देतच राहतो, आणि त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. ज्यांनी यंत्रे आधीच नीट ठेवली होती त्यांना त्या तीन महिन्यांत निवांत झोप लागली असेल. शाश्वतता हे धोरण आहे म्हणतात ते या अर्थाने.

आणि दुसऱ्याही अर्थाने. सांडपाण्यातून जे वाहून जाते ते कारखानदाराने पैसे मोजून विकत घेतलेले असते. आम्ल, विद्रावक, क्षार, सारे काही. ते परत मिळविणे म्हणजे कच्च्या मालाचे बिल कमी करणे. महीचे पाणी आज मिळते म्हणून स्वस्त. अवर्षणाच्या वर्षी तेच मिळेनासे होते, तेव्हा पाणी पुन्हा वापरणाऱ्याचा कारखाना चालू राहतो. परदेशी गिऱ्हाईकही आता मालाबरोबर त्याचा इतिहास विचारू लागले आहे. युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते अशा आयात मालावर त्याच्या निर्मितीतील कार्बनच्या प्रमाणात आकार लावण्याची पद्धत १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात आणली आहे. खताच्या पोत्याबरोबर आता त्याच्या धुराचाही हिशेब जाणार. हे न्याय्य की अन्याय्य, याविषयी मतभेद होतील. आपला धूर आपल्याच माथी मारणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांचा हेतू अगदी निर्मळ आहे असे मीही मानत नाही. पण माल विकावयाचा असेल तर हिशेब ठेवावाच लागेल.

आपल्याकडेही बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२–२३ या वर्षापासून असा हिशेब प्रसिद्ध करावा लागतो. किती पाणी उचलले, किती परत वापरले, किती आणि कोणत्या प्रतीचे सोडले, किती कचरा झाला आणि तो कोठे गेला, हे त्यात द्यावे लागते. ही पत्रके शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या गाठीला चार-दोन भाग असतात, आणि भागधारकाला वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. तो हक्क आपण बहुधा लाभांशाच्या चौकशीपुरता वापरतो. पत्रकांतील आकडे बहुधा साऱ्या कंपनीचे मिळून दिलेले असतात. पाच राज्यांतील आठ कारखान्यांचे पाणी त्यात एकाच बेरजेत मिसळलेले असते. महीतून किती घेतले आणि सारोदच्या वाटेने किती गेले, हे आकडे वेगळे मागावे लागतील. पुढल्या सभेची सूचना टपालाने अथवा संगणकावर आली म्हणजे एवढा एक प्रश्न लिहून पाठविता येईल.