एमए करून पुढे काय?

इतिहास, भाषा, पुरातत्त्व यात एमए करायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या दोन वर्षांत नेमकं शिकवतात काय?

पुण्याचं डेक्कन कॉलेज घ्या. १९३९ साली ही संस्था पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी नव्याने सुरू झाली. इरावती कर्वे, ह. धी. सांकळिया इथलेच. इथल्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. घरांच्या जमिनीखाली माणसं पुरलेली. लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली, आणि मोठ्यांचे पाय बऱ्याचदा घोट्याखाली तोडलेले.

का तोडले? मेलेला माणूस भूत होऊन घर सोडून जाऊ नये म्हणून, असं एक अनुमान आहे. ऐकायला झकास! लगेच फॉरवर्ड करावंसं वाटतं. पण थांबा. पाय तोडलेत, हा पुरावा. 'जाऊ नये म्हणून' हा आपण लावलेला अर्थ. या दोन्हींमधली फट दिसायला लागणं, हेच मला या शिक्षणाचं खरं काम वाटतं. व्हॉट्सॲपवर इतिहास वाचणाऱ्या आपल्या पिढीला याची गरज आहे की नाही, तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट चिकाटी. याच संस्थेत १९४८ पासून संस्कृतचा महाकोश तयार होतोय. अनेक खंड निघाले, तरी काम अजून 'अ'वरच आहे!

आता रोकडं बोलू. नोकरीची हमी नाही. प्राध्यापक व्हायचं तर एमएनंतर नेट किंवा सेट पास व्हावं लागतं, आणि तरीही कायम जागा मोजक्याच. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या विभागातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि तीन गोष्टी विचारा. फील्डवर्क खरंच होतं का? लिहिलेलं कुणी तपासून परत देतं का? राहण्या-जेवणासकट दोन वर्षांचा खर्च किती?

उत्तरं पटली तर घरी जाऊन बिनधास्त बोला. "आवड आहे" एवढ्यावर थांबू नका, खर्चाचा हिशोबही पुढे ठेवा. आईबाबांची काळजी खोटी नसते. तिला नीट उत्तर द्यायचं काम आपलं.