आवाज, मजकूर आणि वेळेचे भान



साहित्याच्या प्राध्यापकाने दूरसंचाराच्या जाळ्यांवर का बोलावे, हा प्रश्न रास्तच आहे. त्याला निमित्त माझ्या हातून घडलेली एक चूक. 2020 साली टाळेबंदीत आम्ही तोंडी परीक्षा ऑनलाइन घेतल्या. एक विद्यार्थिनी प्रत्येक प्रश्नानंतर थांबायची आणि मग अडखळत उत्तर द्यायची. तयारी नाही असे समजून मी गुण कापले. रेंज मिळावी म्हणून ती घरामागच्या डोंगरावर बसली होती, हे मला नंतर कळले.

तो उशीर कोणाचा होता, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलत असेपर्यंत एक वाट त्यांच्यासाठीच राखलेली असे. हा परिपथ. सी-डॉट ही संस्था 1984 साली स्थापन झाली आणि तिचे 128 जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र 1986 मध्ये आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, कित्तूर येथे सुरू झाले. अशा अंकीय केंद्रात आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात. एकाच तारेवर 32 घरांचे आवर्तन फिरत असते. त्यांतली 30 घरे बोलण्यासाठी, एक संकेतांसाठी आणि एक समकालनासाठी.

समकालन म्हणजे काय, हे भजनात बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पखवाज, टाळ, पेटी आपापल्या वाटेने गेली तरी समेवर एकत्र येतात. इथेही समकालनाच्या घरातली ठरावीक खूण ओळखून समोरचे केंद्र आवर्तनाची सुरुवात पकडते. दोन केंद्रांची घड्याळे किंचित पुढेमागे झाली, की केव्हातरी एखादे आवर्तन गळते किंवा दोनदा येते. बोलणाऱ्याला ते जाणवतही नाही. त्याच तारेवरून फॅक्स जात असेल तर मात्र ओळ बिघडते.

मुख्य भेद इथेच आहे. आवाजाला थोडी गळती चालते, उशीर चालत नाही. मजकुराला उशीर चालतो, गळती चालत नाही. दोघांना एकाच जाळ्यातून नेणे म्हणूनच अवघड.

आपल्या डिचोलीच्या रस्त्यावर खनिजवाहू ट्रकांची रांग लागली की मागे बालरथ अडकतो. रांगेत मध्ये मध्ये जागा ठेवली तर त्याला पुढे सरकता येते. मजकुराचे लहान तुकडे करण्यामागे हाच विचार होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस एटीएम पद्धतीसाठी तुकडा केवढा असावा, यावर वाद झाला. युरोपला 32 बाइट हवे होते, अमेरिकेला 64. शेवटी 48 ठरले. पत्त्याचे 5 मिळवून 53.

आजच्या इंटरनेटवर आवाजाची छोटी पाकिटे होतात. त्यांवर क्रमांक आणि वेळेची नोंद असते. ती वेगवेगळ्या गतीने पोहोचतात, म्हणून ऐकवण्यापूर्वी क्षणभर थांबवून ओळीत लावतात. फार उशिरा आलेले पाकीट टाकून द्यावे लागते. पत्र पुन्हा मागवता येते; उच्चारून गेलेला शब्द पुन्हा मागवून संवाद चालत नाही. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यापलीकडे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात आणि शांततेचा भलताच अर्थ लावतात.

मीही तसाच अर्थ लावला होता. गुण अजून पाठवायचे होते, म्हणून मी तिची परीक्षा साध्या फोनवर पुन्हा घेतली. ती न थांबता बोलली. आधीच्या वेळीही ती तशीच बोलली असणार. माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते, इतकेच.

आपली अनेक मुले मराठीतून प्राथमिक शिक्षण घेऊन पुढे अभियांत्रिकीला जातात. तिथे हा विषय त्यांना केवळ इंग्रजीत भेटतो. 'परिपथ', 'समकालन' हे शब्द कोशात आहेत. 'पाकीट' तर बाजारातही आहे. 'स्विचिंग' आहे तसेच घेऊ. शब्दांची अडचण मोठी नाही. हे मराठीत समजावून सांगायला आपण बसत नाही, ही खरी अडचण आहे. निदान उत्तरासाठी थांबलेल्या मुलीला 'येत नाही' असे म्हणण्यापूर्वी एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.