मोरांबा कां बिघडतो?



चैत्र-वैशाखांत कैऱ्या बाजारांत आल्या म्हणजे घरोघर मोरांबा घालण्याची तयारी सुरू होते. बरणी भरून फडताळांत जाते आणि पुढें पावसाळ्यांत मुलांच्या पोळीबरोबर तीच उपयोगी पडते. परंतु एखाद्या वर्षीं बरणी उघडावी, तों वर बुरशीचा पांढरा थर, किंवा पाकाला फेंस येऊन आंबूस वास! मग शोध सुरू होतो, तो पाकाचा नव्हे, माणसाचा. कोणाचा हात लागला, कोणाचा विटाळ झाला, याची चौकशी होते. आणि ठपका बहुधा घरांतील सर्वांत धाकट्या सुनेवर येतो. आज आपण या खटल्याचा नीट निवाडा करूं.

फळ टिकतें तें कशानें, हा पहिला प्रश्न. बुरशी, पाव फुगविणारें यीस्ट आणि नाना प्रकारचे जंतु या सर्वांना जगण्यास पाणी लागतें. कैरींत तें विपुल असतें. साखर पुरेशी घातली म्हणजे ती हें पाणी आपल्याशीं जखडून ठेवते. पाणी बरणींत असतें, पण जंतूंच्या वांट्यास येत नाहीं. कैरीचा आंबटपणा या कामीं साखरेचा जोडीदार होतो, कारण आम्ल असलें म्हणजे बहुतेक घातक जंतु वाढत नाहींत. वेलदोडा, केशर, लवंग हीं रुचीसाठीं आहेत. खरा पहारा साखर आणि आम्ल यांचाच.

साखर पुरेशी म्हणजे किती? तयार मोरांब्याच्या शंभर भागांत सुमारें ६५ ते ७० भाग साखर व फळाचा विरघळलेला अंश असावा. हें घरच्या तराजूवरही ताडून पाहतां येतें. साल व कोय काढून १ किलो फोडी घ्याव्या आणि साखर १ किलो २५० ग्रॅम. दोन्ही मिळून सव्वादोन किलो झालीं. पातेल्याचें वजन आधीं टिपून ठेवावें, आणि आटून आंतील ऐवज २ किलोच्या आसपास आला म्हणजे खालीं उतरावें. उष्णतामापक असल्यास पाक हा उकळत्या पाण्याहून सुमारें ५ अंश अधिक तापला पाहिजे. मुंबईस पाणी १०० अंशांवर उकळतें, म्हणून तेथें १०५. पुणें उंचावर असल्यामुळें तेथें पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें, म्हणून तेथें १०३. आपल्या आजीबाई बोटांच्या चिमटींत पाकाची तार पाहत, ती हीच परीक्षा होती. फक्त तराजूच्या जागीं बोटें होतीं.

क्रमही महत्त्वाचा आहे. फोडी आधीं वाफवून मऊ कराव्या, मगच साखर घालावी. कच्च्या फोडींवर एकदम साखर पडली कीं ती त्यांतील पाणी ओढून घेते. फोडी आक्रसून चामट होतात आणि त्यांच्या पोटांत पाक शिरत नाहीं. बाहेर पाक दाट, पण आंत फोड पाणीदार, अशी बरणी फार दिवस तग धरीत नाहीं. पाक अति आटविला तर साखरेचे खडे बसतात, हें दुसरें टोंक. भांडें स्टेनलेस स्टीलचें असावें. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत कैरी शिजवूं नये. आंबटपणानें तांबें अन्नांत उतरतें आणि तें अपायकारक असतें.

आतां बरणीकडे वळूं. बरणी गरम पाण्यानें धुवून पूर्ण कोरडी करावी. मोरांबा वाफाळत असतांनाच घट्ट झांकण लावलें तर वाफेचे थेंब झांकणाला धरतात आणि पुन्हां खालीं पडतात. तेवढ्यानें वरचा पाक पातळ होतो, आणि बुरशी नेमकी तेथेंच उगवते. म्हणून पूर्ण निवेपर्यंत वर स्वच्छ फडकें बांधावें. पुढें रोज काढतांना चमचा कोरडाच हवा. ओल्या चमच्यानें पाणी आणि उष्ट्या चमच्यानें जंतु, दोन्ही आंत जातात.

आतां निवाडा ऐका. साखर कमी पडली, पाक कच्चा राहिला, बरणी ओली होती, झांकण घाईनें लागलें, चमचा ओला गेला: मोरांबा बिघडण्याचीं कारणें हीं होत. मासिक पाळी हें त्यांतलें कारण नव्हे. त्या दिवसांत स्त्रीच्या हातून असें कांहींही निघत नाहीं, कीं ज्यानें पाकाची साखर कमी व्हावी. स्वच्छ धुतलेला, कोरडा हात कोणाचाही असो, तो सारखाच चांगला; आणि ओला हात कोणाचाही असो, मग तो घरच्या वडिलधाऱ्यांचा कां असेना, तो सारखाच वाईट. ज्या घरीं सुनेला बरणीपासून दूर बसविलें जातें, त्या घरीं चुकीच्या आरोपीला शिक्षा होते आणि खरा अपराधी, म्हणजे तो ओला चमचा, पुढील वर्षींही मोकळाच राहतो.

बुरशी आलेली बरणी मात्र, जीव हळहळला तरी, सबंध टाकून द्यावी. वरचा थर काढून खालचें मुलांना देऊं नये. कांहीं बुरशींचें विष खालपर्यंत उतरतें आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं. तसेंच मोरांबा हा दोन तृतीयांश साखरेचा पदार्थ आहे, हें विसरूं नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पानांत तो न वाढणें हीच माया.

यंदा कैऱ्या आणाल तेव्हां फोडी चिरण्यास सासू-सूना, लेकी आणि घरांतले पुरुषही एकत्र बसावे. वजन कागदावर टिपावें आणि तो कागद बरणीला चिकटवावा. पुढच्या वर्षीं कांहीं बिघडलेंच, तर प्रश्न त्या कागदाला विचारावा.