न्यायनिर्णय आणि मालमत्तेचा हक्क



शासनाने जमीन घेतली, तर मालकास कायद्याचा आधार विचारता येतो, मोबदला मागता येतो. परंतु न्यायालयाच्या निर्णयानेच प्रस्थापित हक्क संपुष्टात आला, तर दाद कोठे मागावी? मुंबई उपनगरांतील अनेक कुटुंबांनी या प्रश्नाची झळ प्रत्यक्ष सोसली आहे.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये १९५० च्या दशकात विक्रोळी, मुलुंड आदी भागांतील काही जमिनींबाबत नोटिसा निघाल्या. विक्रोळीच्या १९५७ च्या नोटिशीवर पुढे अंतिम आदेश झालाच नाही. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला आणि खाजगी वने शासनाकडे निहित झाली. नोटीस 'काढलेली' जमीनही वनाच्या व्याख्येत आली. तरीही पुढील काळात अशा जमिनींवर नकाशे मंजूर झाले, इमारती उभ्या राहिल्या, सदनिका विकल्या गेल्या.

२००० साली चिंतामणी गजानन वेलकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला की, नोटीस काढणे पुरेसे. ती बजावण्याची आवश्यकता नाही. त्याच आधारे २४ मार्च २००८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मालकांच्या व रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या. कायद्याचे शब्द तेच होते. केवळ एका शब्दाच्या अर्थाने रीतसर खरेदीखत असलेले घर वनजमिनीवरचे ठरले.

संविधानाचा अनुच्छेद ३००-अ सांगतो की, कायद्याच्या प्राधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. मग चुकीचा न्यायनिर्णय हाच या हमीचा भंग मानावा काय? मुंबई उच्च न्यायालयातूनच उद्भवलेल्या नरेश श्रीधर मिरजकर खटल्यात १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरविले की, न्यायालयाच्या न्यायिक आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे म्हणता येत नाही. निर्णय चुकला तर मार्ग अपिलाचा. त्यातच १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही.

अमेरिकेत २०१० साली फ्लोरिडातील समुद्रकिनाऱ्याच्या खटल्यात हाच प्रश्न आला. मढसारख्या किनारी गावाला तो सहज उमजेल : शासनाने भराव टाकून वाढविलेली वाळू कोणाची? किनाऱ्यालगतच्या मालकांचा हक्क हिरावला गेला नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले. मात्र न्यायालयही मालमत्ता हिरावू शकते व तेही घटनाबाह्य ठरेल, असे चार न्यायमूर्तींनी नोंदविले. बहुमत मात्र त्यांच्या बाजूने झाले नाही.

उपनगरवासीयांना अखेर न्याय मिळाला तो अपिलातूनच. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला आणि २००० सालचा अर्थही चुकीचा ठरविला. नोटीस मालकापर्यंत पोहोचली पाहिजे, त्याला म्हणणे मांडण्याची संधी हवी आणि दशकानुदशके धूळ खात पडलेली नोटीस अचानक उकरून काढता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होय.

वनांचे रक्षण आवश्यकच आहे. परंतु ते नागरिकाला अंधारात ठेवून होऊ नये. न्यायालयाच्या कृतीने कोणाचेही अहित होऊ नये, हे तत्त्व १९८८ च्या अंतुले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक सुधारताना मान्य केले, आणि २००२ साली अंतिम निर्णयानंतरही उपचारात्मक याचिकेचे दार किलकिले ठेवले. दारे आहेत, परंतु त्यांतून जाण्यास कागद लागतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने, गृहनिर्माण संस्थेने आणि धर्मादाय न्यासाने सातबारा, मालमत्ता पत्रक, फेरफार नोंदी व जुन्या नोटिसा तपासून जपाव्यात. पिढ्यांच्या कष्टाने उभे राहिलेले वास्तुधन जागरूकतेनेच सुरक्षित राहते.